अनर्जित रजा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरांत पावसाळ्याच्या तोंडीं एक गोष्ट दरवर्षीं घडते व तिचें कोणासही आश्चर्य वाटत नाहीं. वर्षभर समुद्रावर राबलेल्या यांत्रिक नौका किनाऱ्याला येऊन स्वस्थ उभ्या राहतात. सरकारची बंदी असतेच. पण ती नसती तरी खवळलेल्या समुद्रानें घातलीच असती. या दिवसांत कोणी फळ्यांच्या सांधी बुजवितो, कोणी यंत्र उघडून बसतो, कोणी फाटलेलें जाळें विणून काढतो. आणि नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण झाला म्हणजे नव्या हंगामाची भाषा सुरू होते. होडी उभी राहिली म्हणून ती आळशी आहे असें कोणी म्हणत नाहीं. विसावा हा कामाचाच एक भाग आहे, हें तत्त्व त्या बंदरास कोणा तत्त्ववेत्त्यानें शिकविलेलें नाहीं.

आतां अशाच एखाद्या बंदरांतील मुलगी परिचर्येचें शिक्षण पुरें करून रुग्णालयांत नोकरीस लागली आहे, अशी कल्पना करूं. रुग्णालयाला पावसाळी बंदी नाहीं. उलट त्याच दिवसांत तापाच्या रोग्यांची गर्दी. दुसऱ्याच महिन्यांत रात्रपाळीनंतर तिला ताप भरतो, किंवा जुनी अर्धशिशी उठते, किंवा शिकत असतांना आटोक्यांत राहिलेला मधुमेह जागरणानें बिघडतो. घरचीं माणसें म्हणतात, "नोकरी नवी आहे, इतक्यांत रजा मागूं नकोस." मैत्रीण म्हणते, "आजाराचें नांवही काढूं नकोस. कायम होईपर्यंत गप्प राहा." ती एक गोळी घेते व कामावर जाते. तिनें केलें तें योग्य कीं अयोग्य? प्रश्न लहान दिसतो. पण कर्तव्य म्हणजे काय, आणि विश्रांति ही माणसानें आधीं कमवावयाची वस्तु आहे काय, असे दोन मोठे प्रश्न त्याच्या पोटांत आहेत.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहूं. आपल्या राज्याच्या नागरी सेवेचे रजेविषयींचे नियम १९८१ सालचे आहेत. त्यांतील मुख्य रजेचें नांवच 'अर्जित रजा', म्हणजे कमविलेली रजा. नव्या नोकरास पहिल्या सहामाहींत, पुऱ्या भरलेल्या दर महिन्यामागें अडीच दिवस या मानानें ती मिळते. दोन महिन्यांच्या सेवेवर पांच दिवस जमा. रजा हक्क म्हणून मागतां येत नाहीं, हेंही तेथेंच सांगितलें आहे. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याच्या योजनेंत नव्यानें विमा उतरलेल्या कामगारास आजारपणाचा रोख लाभ मिळूं लागण्यापूर्वीं नऊ महिने जावे लागत. १९६१ च्या मातृत्वलाभाच्या कायद्यानें प्रसूतीपूर्वींच्या बारा महिन्यांत १६० दिवस काम केलेलें असावें अशी अट घातली होती. १९८८ च्या दुरुस्तीनें ती ८० दिवसांवर आली. या अटी कोणीं दुष्टपणानें घातल्या नाहींत. सर्वांच्या निधींतून घेणाऱ्यानें आधीं त्यांत कांहीं घालावें, ही अपेक्षा अन्याय्य नव्हे. परंतु १६० चे ८० झाले यावरूनच दिसतें कीं, असा आंकडा निसर्गानें सांगितलेला नसून माणसांनीं ठरविलेला आहे. शरीर कोणत्याच आंकड्याची वाट पाहत नाहीं. उलट, जिला जागरणाची सवय झालेली नाहीं, जिचा सुई धरणारा हात अजून स्थिरावलेला नाहीं, अशी नवी परिचारिकाच आजारास अधिक उघडी असते.

यावर एक पूर्वपक्ष आहे आणि तो आदरानें मांडला पाहिजे. परिचर्या हें व्रत आहे; त्यास इतर नोकऱ्यांचें माप लावूं नये. १८९७ सालीं पुण्यास प्लेगचा कहर चालला असतां सावित्रीबाई फुल्यांनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आपले डॉक्टर पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यांत पोंचविलें; तोच रोग त्यांना जडला व १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. ज्या भूमींत असें उदाहरण घडलें, तेथें अंगांत थोडी कसर आहे म्हणून रजा मागणें शोभतें काय? शिवाय, पूर्वपक्ष म्हणतो, रजेवर गेलेलीचें काम हवेंत विरत नाहीं. दुसरी कोणी तें उचलते. रात्र करून घरीं जावयास निघालेल्या, लहान मूल दारांत वाट पाहत असलेल्या त्या दुसरीस थांबवून घेतलें जातें. आपल्या विसाव्यासाठीं दुसरीची झोंप घेण्याचा अधिकार या नवख्या मुलीला कोणीं दिला?

सावित्रीबाईंच्या उदाहरणापासून उत्तराचा आरंभ करूं. त्या त्यागाचें मोल असें कीं, तो त्यांच्याकडून कोणीं मागितला नव्हता. आपला देह कोणी आपण होऊन वेंचला तर तें दान; नोकरी जाईल या भीतीनें तो वेंचावयास लावला तर ती वसुली. दोहोंना एकच नांव दिल्यानें दानाचाच अपमान होतो. शिवाय सावित्रीबाईंनीं पत्करलेलें संकट रोग्याच्या हितासाठीं होतें. ताप लपवून खाटेजवळ उभी राहणारी परिचारिका रोग्याचें कोणतें हित करते? तिच्या जड झालेल्या डोळ्यांनीं औषधाचें माप चुकेल. तिचा खोकला दुबळ्या रोग्यांत फिरेल. एप्रिल २०२० मध्यें मुंबईंतील एका खाजगी रुग्णालयांत पंचवीसांहून अधिक परिचारिकांना करोनाची बाधा झाल्याचें आढळलें आणि त्या रुग्णालयाचीं दारें कांहीं काळ बंद करावीं लागलीं. तेथें कोणीं कांहीं लपविलें असा आरोप करण्याचें कारण नाहीं. परंतु परिचारिकेचें आजारपण ही तिची एकटीची बाब राहत नाहीं, हें त्या दिवसांत सर्वांस कळून चुकलें.

सुई टोंचण्याचें उदाहरण याहून बोलकें आहे. रोग्यास टोंचलेली सुई परिचारिकेच्या बोटांत रुतली, तर एच. आय. व्ही.ची बाधा टाळण्याचीं औषधें शक्य तितक्या लवकर, आणि फार तर ७२ तासांच्या आंत, सुरू करावीं लागतात. 'निष्काळजी' असा शिक्का बसेल या भयानें नवखी मुलगी गप्प राहिली, तर नेमके तेच तास निघून जातात. या मौनानें ना रोग्याचें भलें होतें, ना संस्थेचें, ना तिचें. ज्या सोसण्यानें कोणाचेंच हित साधत नाहीं त्यास तप म्हणावें तरी कसें?

तर मग सर्व कांहीं सर्वांस सांगत सुटावें काय? तसेंही नव्हे. येथें दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. या आजारानें रोग्यास अपाय होईल काय? आणि माझ्या हातचें काम बिघडेल काय? दोहोंपैकीं एकाचें जरी उत्तर 'होय' असलें, तरी सांगणें हें कर्तव्य होय. तेथें संकोचास जागा नाहीं. दोहोंचेंही उत्तर 'नाहीं' असेल, तर आजाराचें नांव ही तिची खाजगी गोष्ट आहे. मधुमेह आहे हें संस्थेच्या डॉक्टरांस कळावें; मेट्रनबाईंस लागोपाठ किती रात्री झेपतील व जेवणाची वेळ कां चुकवितां येत नाहीं एवढें कळलें तरी पुरे; चहाच्या खोलींत त्याची चर्चा होण्याचें कारण नाहीं. वेळही पाहिली पाहिजे. होडी धक्क्यावरून सुटण्यापूर्वीं खलाशाचा ताप तांडेलास कळला तर माणूस बदलतां येतो. खोल पाण्यांत जाळें ओढतांना तो कोसळला तर सगळी होडी अडचणींत येते. आणि याच न्यायानें, लग्नकार्यासाठीं पोटदुखीचें सोंग घेणारी केवळ संस्थेस फसवीत नाहीं. उद्यां खरोखर आजारी पडणाऱ्या दुसरीच्या शब्दाची पत ती आजच खर्चून टाकते.

तथापि केवळ 'सत्य सांगा' असा उपदेश करून मोकळें होतां येत नाहीं. आजार अंगीं बाळगून काम केलेल्या दोन स्त्रियांचीं चरित्रें येथें शेजारीं ठेवून पाहावींत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई क्रिमियाच्या युद्धावरून १८५६ सालीं परतल्या आणि पुढल्याच वर्षापासून दीर्घ दुखण्यानें त्यांस गांठलें. कित्येक वर्षें त्या बव्हंशीं अंथरुणास खिळून होत्या. तरी लंडनची परिचर्येची शाळा १८६० सालीं त्यांच्याच प्रेरणेनें उभी राहिली आणि हिंदुस्थानच्या आरोग्यव्यवस्थेवरचें त्यांचें लिखाणही याच दुखण्याच्या काळांतलें. आजार म्हणजे अपात्रता नव्हे, याचें याहून मोठें प्रमाण नको. परंतु त्यांना वडिलांकडून सालीना ५०० पौंडांची नेमणूक होती, हें विसरूं नये. दुसरी मेरी मॅलन, न्यूयॉर्कमधील एक स्वैंपाकीण. तिच्या अंगीं विषमज्वराचे जंतु होते. स्वतः ती मात्र धडधाकट. १९०७ सालीं तिला पकडून एकांतांत ठेविलें. पुन्हां स्वैंपाक न करण्याच्या अटीवर १९१० सालीं सोडलें. कपडे धुण्याच्या कामांत मिळकत कमी. शेवटीं तिनें नांव बदलून स्वैंपाकच धरला आणि १९१५ सालीं एका प्रसूतिगृहांत पंचवीस माणसें आजारी पडलीं. त्यांतलीं दोन दगावलीं. मग मरेपर्यंत, १९३८ पर्यंत, ती बंदिवासांतच राहिली. मेरीचें कृत्य वाईटच. त्याचें समर्थन करतां यावयाचें नाहीं. पण जो समाज 'खरें सांग' म्हणतो आणि खरें सांगणाऱ्याच्या चुलीची चिंता करीत नाहीं, त्यानें तिच्या खोटेपणांतला आपला वांटा मान्य केला पाहिजे.

आतां त्या दुसरीच्या झोंपेचा प्रश्न. तो सर्वांत कठीण आहे. तिची तक्रार खरी आहे, तिचे डोळे खरोखरच चुरचुरत आहेत, आणि तिच्यापुढें नीतीचीं तत्त्वें मांडणें हा क्रूरपणा होईल. परंतु तिची झोंप कोणीं घेतली? एकीला ताप येतांच दुसरीची रात्र दुप्पट होत असेल, तर त्या वॉर्डाच्या पाळ्या 'कोणी कधींच आजारी पडणार नाहीं' असें धरून लावलेल्या आहेत. माणसें आजारी पडतात हें सरकारी हिशेबालाही ठाऊक आहे. म्हणून तर 'रजा-राखीव' पदांची कल्पना निघाली. तीं पदें रिकामीं ठेवलीं कीं वांचलेला पैसा वरच्या हिशेबांत दिसतो आणि ओझें खालीं पाठीवर पडतें. रागावयाचें मात्र तापानें फणफणलेल्या मुलीवर! दोन थकलेल्या स्त्रिया एकमेकींस दोष देत असतां खरा देणेकरी नामानिराळा राहतो. नव्या मुलीवरही ऋण आहे, नाहीं असें नाहीं: बरी झाल्यावर सहकारिणीची एखादी अवघड रात्र तिनें आपण होऊन मागून घ्यावी. पण हें ऋण स्नेहाचें आहे. आजारी पडल्याचा तो दंड नव्हे.

मला आश्वासक वाटते ती गोष्ट अशी कीं, या प्रश्नाचें उत्तर त्याच १९८१ च्या रुक्ष नियमांत बीजरूपानें आहे. तेथें 'अनर्जित रजा' म्हणून एक प्रकार सांगितला आहे. जमेस रजा शिल्लक नसतांही, पुढें होणाऱ्या सेवेच्या भरंवशावर, सबंध नोकरींत ३६० दिवसांपर्यंत अर्ध्या वेतनावर ती देतां येते. मंजूर करणाऱ्यानें पाहावयाचें तें हें कीं, हा मनुष्य कामावर परत येईल व ती रजा पुढें कमवील अशी वाजवी आशा आहे काय. हिशेबाच्या पुस्तकांत विश्वासाला दिलेली ही जागा मला फार मोलाची वाटते. माणूस आधीं आजारी पडूं शकतो व मागून कमवूं शकतो, ही कबुलीच तिच्यांत आहे. मात्र ही सवलत मुख्यत्वें कायम झालेल्या नोकरासाठीं. अकरा महिन्यांच्या करारावर आलेल्या मुलीस ती नाहीं. म्हणजे जिचे पाय अजून जमिनीला लागलेले नाहींत, तिच्याच हातांतून दोर काढून घेतलेला! पहिल्या दिवसापासून आजारपणाचे थोडे दिवस उसने देण्याची तजवीज प्रत्येक रुग्णालयानें केली, तर कांहीं दिवस बुडीत जातील. पण लपविलेल्या आजारांची जी किंमत रोगी मोजतात, तिच्यापुढें तो तोटा अल्प आहे.

आपणां मध्यमवर्गीय कुटुंबांचाही या प्रकरणांत हात आहे. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानें स्त्रियांस पुण्याच्या सासून रुग्णालयांत परिचर्या शिकावयास धाडलें, तेव्हां याच वर्गानें नाकें मुरडलीं होतीं. आज आपल्या मुली अभिमानानें त्या वाटेनें जातात. पण रोग्याचे आप्त म्हणून खाटेशेजारीं बसलों कीं 'कालची सिस्टर कुठें गेली?' असें आपणच कुरकुरतों, आणि आईबाप म्हणून 'रजा मागूं नकोस' असेंही आपणच सांगतों. हा दुटप्पीपणा प्रथम सोडला पाहिजे.

कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत पार्वती घोर तप करीत असतां एक बटु तिच्याकडे येतो व तिचें तप शरीराच्या शक्तीला धरून चाललें आहे ना, अशी विचारपूस करतो. हा प्रसंग आपल्याकडे पुष्कळ वेळां सांगितला जातो. पण विचारणारा कोण हें सहसा लक्षांत घेतलें जात नाहीं. बटूच्या वेषांत स्वतः शिवच आलेला आहे. ज्याच्यासाठीं तप चाललें आहे, त्यानेंच आपण होऊन तपस्विनीच्या देहाची चौकशी करावी, असें कालिदासास वाटलें. नव्या परिचारिकेला रजेचा अर्ज घेऊन दारांत उभें राहावें लागण्यापूर्वीं ही चौकशी जिच्यासाठीं ती राबते त्या संस्थेकडून झाली पाहिजे. आणि खरें उत्तर दिल्याबद्दल तिचें कांहीं बिघडणार नाहीं, अशी व्यवस्था त्या चौकशीच्या पाठीशीं उभी असली पाहिजे.