पुसलेली नोंद

कारकुनी पत्करलेल्या माणसास पहिला धडा मिळतो तो खाडाखोड न करण्याचा. नोंद चुकली तर ती खरवडावयाची नाही. तिच्यावर एक रेघ मारावयाची, खरा आकडा वर लिहावयाचा आणि शेजारी तारखेसह आद्याक्षरी करावयाची. चुकीचा आकडा रेघेखाली वाचता येतो, हेच या रीतीचे मर्म होय. चूक कोणती झाली आणि ती कोणी पदरी घेतली, हे दोन्ही कागद सांगतो.

ही रीत ज्या शोधाने अडचणीत आणली, तो शोधही हिशेबाच्याच पोटी जन्मला. १९५२ साली अमेरिकेतील सॅन होजे येथे आयबीएम कंपनीने एक लहानशी प्रयोगशाळा काढली. तिचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे पूर्वाश्रमीचे शाळामास्तर. त्या काळी यंत्रांचे हिशेब छिद्रे पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर ठेवीत. फितीच्या मध्यावरील एक खाते पाहावयाचे तर आधीची सारी फीत उलगडावी लागे. सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर झालेल्या ‘रॅमॅक’ने हे बंधन तोडले. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर मिनिटास १२०० फेरे घेत. त्यांवरील लोह ऑक्साइडच्या लेपात ५० लाख अक्षरे मावत, आणि एक फिरता हात हवे ते खाते साधारणतः सेकंदाच्या आत गाठी.

या वेगाबरोबर आणखी एक गोष्ट घडली. फितीवर हिशेब बदलला की नवी फीत तयार होई आणि जुनी कपाटात राही. अशा तीन पिढ्या जपण्याची चाल होती. त्यांना आजोबा, बाप आणि मुलगा अशी नावेही पडली होती. तबकडीवर मात्र नवी शिल्लक जुन्या शिलकेच्या जागीच लिहिली जाऊ लागली. वेगळी नोंद मुद्दाम ठेवली नाही, तर मुलगा जन्मताच बाप नाहीसा होई. साधने पुढे कितीतरी बदलली. परंतु जुन्याच्या जागी नवे लिहिण्याची ही सोय वापरणाऱ्याच्या हाती राहिली.

या सोयीची चव आम्हीही घेतली आहे. काही वर्षांपूर्वी एका विधवा बाईंच्या निवृत्तिवेतनाची तारीख आम्ही चुकीची भरली. संध्याकाळी चूक ध्यानात आली, आणि कोणास न सांगता ती दुरुस्त केली. पडदा स्वच्छ झाला. आमचे मनही स्वच्छ झाले असे वाटले. तीन महिन्यांनी त्या बाई जुन्या तारखेचा छापील कागद घेऊन आल्या, तेव्हा त्यांचाच कागद संशयास्पद ठरला. यंत्रात तशी तारीख कधी होतीच असे दिसेना! आम्ही तोंड उघडले खरे, परंतु त्या बाईंना दोन खेपा घालावयास लावल्यानंतर.

कोणी म्हणेल, विसरणे हीसुद्धा दया आहे. माणसाचा प्रत्येक दोष जन्मभर वहीत का राहावा? हा आक्षेप खोटा नाही. एखाद्यावरील निराधार आरोप त्याच्या कागदांतून जावा, हे न्यायाचेच आहे. परंतु क्षमा करावयाची ती ज्याचे नुकसान झाले त्याने. चुकणाऱ्याने स्वतःच पुसून टाकणे ही क्षमा नव्हे. त्यात दुसऱ्याच्या हातचा पुरावा आपण हिरावून घेतो. आमच्या दुरुस्तीने आकडा बरोबर झाला, पण एक खरे बोलणारी बाई खोटी पडली.

दोष तबकडीचा नाही. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवण्यास यंत्राला सांगता येते; म्हणजे रेघ मारण्यास त्यालाही शिकविता येते. पण ती रेघ आपल्यावरच येणार हे ठाऊक असता ती मारावयाची इच्छा यंत्राने कोठून आणावी? ती आम्हीच आणली पाहिजे. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक दुरुस्तीखाली शेऱ्याच्या रकान्यात जुना आकडा आणि आपली आद्याक्षरी लिहितो. तसे करण्यास आम्हांस कोणी सांगितलेले नाही.