राखीव रान आणि हजरत उमर यांचे कुरण

कोरीट हे नंदुरबार तालुक्यातले गाव. हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची रेघ दिसते. सपाटीवरच्या आपल्यासारख्यांना ती रेघ म्हणजे जंगल. तिथल्या भिल्ल-पावरांना ते घर, शेत आणि चराई. सरकारी दप्तरात त्यातले बरेचसे राखीव वन. एका डोंगराची ही तीन नावे, आणि त्यातले कोणते आधी मानायचे हे ठरवणे वनखात्यावर सोडून आपल्याला मोकळे होता येत नाही. तो इन्साफचा प्रश्न आहे.

जंगल राखावे की नाही यावर माझा वाद नाही. डोंगर बोडका झाला की खालचे ओढेही कोरडे पडतात. पण राखायचे कोणापासून? इंग्रजांनी १८७८च्या कायद्याने रान राखीव केले तेव्हा त्यांची नजर रेल्वेच्या स्लीपरांवरही होती. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच फॉरेस्ट खात्यावर राग आहे, तो गरिबाच्या गुरांची चराई तोडली म्हणून. अमेरिकेतही तेच. १८७२ साली यलोस्टोन राखीव झाले, आणि तिथल्या मूळ जमातींना हटवल्यावर ते रान निर्मनुष्य म्हणून मिरवले गेले.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे : हिमा. इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीचा सरदार चांगले कुरण स्वतःसाठी अडवून ठेवी. पैगंबरांनी (स.) ती मक्तेदारी मोडली आणि नकी येथे सार्वजनिक गरजेसाठी कुरण राखले. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी रबजा व शरफ येथे हिमा केले. राखणदार हुनैला त्यांनी दिलेली ताकीद बुखारी शरीफमध्ये आहे. तिचा आशय असा : मजलुमाच्या बददुआपासून सांभाळ. ज्याच्याकडे थोडे उंट, थोड्या शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे. उस्मान बिन अफ्फान आणि अब्दुर्रहमान बिन औफ यांची जनावरे मात्र येऊ देऊ नकोस. त्यांची जनावरे मेली तर त्यांना बागा आहेत, शेती आहे. गरिबाची मेली तर तो मुलेबाळे घेऊन माझ्या दारात उभा राहील.

ज्यांना अडवायचे ती दोन नावे साधीसुधी नाहीत. दोघेही थोर सहाबी, एक तर पुढचे खलिफा. आणि एवढे करूनही हजरत उमर म्हणतात की लोकांना वाटते मी त्यांच्यावर जुलूम केला. ही जमीन तर त्यांचीच आहे. राखणाऱ्याच्या मनातली ही टोचणी मला फार मोलाची वाटते.

हे वाचताना मला तळोदा आठवते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणीतली गावे जाणार होती. विस्थापितांना वसवण्यासाठी १९९०च्या दशकात तळोद्याचे सुमारे ४,२०० हेक्टर राखीव जंगल मोकळे करण्यात आले. त्या जंगलात आधीपासून नांगर धरलेली आदिवासी कुटुंबे होती. ती कागदावर ‘अतिक्रमणदार’. त्यांच्यासाठी जे रान पवित्र होते, ते धरणाची गरज निघताच एका सहीने सुटले. विस्थापितांना जमीन मिळू नये असे कोण म्हणेल? पण एका गरिबासमोर दुसरा गरीब उभा केला गेला, आणि पाणी ज्याला हवे होते तो कुठेच दिसला नाही.

२००६च्या वनहक्क कायद्याने ही जुनी चूक निदान कबूल केली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या आदिवासींच्या वहिवाटीला हक्क दिला. बिगरआदिवासींना मात्र ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. (एवढे जुने कागद कोणाच्या घरात असतात, हे आपल्या वाचकाला सांगायला नको.) १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि २८ फेब्रुवारीला स्वतःच तो स्थगित केला. पंधरा दिवसांत लाखो घरांचा जीव टांगणीला लागला.

गरिबाची कुऱ्हाडसुद्धा झाड पाडतेच, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. हिमा म्हणजे मोकाट चराई नव्हती. तिथे राखणदार होता, नियम होता. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. तिथे ग्रामसभाच राखणदार आहे.

आमच्या जुन्या धाब्याच्या घराला सागाच्या तुळया आहेत. त्या सातपुड्यातून आल्या, असे वडीलधारे अभिमानाने सांगत. त्यांना कोणी अतिक्रमणदार म्हटले नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही की त्या कोणाच्या रानातल्या.