नखाखालचा गुलाबी रंग

पाठ ताठ ठेवा, खांदे सैल सोडा. सावकाश एक श्वास आत घ्या. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा स्नायू आत्ता आकसून खाली सरकला. त्यात ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकले, म्हणून हवा आत आली. श्वास सोडा. पुन्हा घ्या.

आता बोटाचं एक नख हळूच दाबा. ते पांढरं पडेल. सोडा. गुलाबी रंग परत येतोय, तो नीट पाहा. नख केराटिनचं; घट्ट, आच्छादन करणारं. त्याखालचा रंग तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचा. त्याच्या चार साखळ्या, प्रत्येकीपाशी लोहाचा एक अणू. एका अणूनं ऑक्सिजन धरला, की उरलेल्यांना तो धरणं सोपं जातं. मघाशी घेतलेला श्वास असा बोटाच्या टोकापर्यंत येतो. इथे थोडं थांबा.

आता मनगटावरची त्वचा चिमटीत धरून सोडा. ती जागेवर बसते. तिला बळकटी देतं कोलॅजेन: एकमेकींभोवती पीळ घातलेल्या तीन साखळ्या. ही रचना १९५०च्या दशकात मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. क जीवनसत्त्व कमी पडलं, की हा पीळ कच्चा राहतो आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागतं.

जे जाणवत नाही, तिकडेही मन न्या. लाळेतलं अमायलेझ भाकरीतला स्टार्च फोडतं. अवघ्या ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत जाण्याची वाट मोकळी करतं. प्रतिपिंडं ओळखीच्या जंतूला गाठतात. केराटिनपासून प्रतिपिंडांपर्यंत ही सगळी प्रथिनंच. तुम्ही स्वस्थ बसला आहात, तरी यातलं काहीच थांबलेलं नाही.

आणि यातलं काही कायमचंही नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. प्रथिनं मोडतात, त्यांच्या अमिनो आम्लांतून नवी घडतात. रोज थोडी तूट पडते आणि ती ताटातूनच भरून येते. वीसपैकी नऊ अमिनो आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. त्यांपैकी लायसिन भातात कमी, ते वरणातून मिळतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते भातातून.

चरबीसारखा प्रथिनांचा वेगळा साठा शरीर ठेवत नाही. कमी पडलं, तर स्वतःचे स्नायू मोडतं. म्हणून आजच्या प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडं किंवा मासे, काहीतरी असू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ताटातही ते आहे ना, हे आवर्जून पाहा.