पर्दा कुणाच्या ऐबावर?

उर्दूत ‘अदब’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात : साहित्य आणि शिष्टाचार. वडीलधाऱ्यांसमोर आवाज न चढवणे हा अदब आणि गालिबचे काव्य हाही अदबच. एरवी हे दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात. सआदत हसन मंटोच्या कथांपाशी मात्र त्यांच्यात भांडण लागते. अश्लीलतेच्या आरोपावरून मंटोवर सहा खटले झाले, तीन फाळणीपूर्वी आणि तीन नंतर. इंग्रज गेले, नवा देश आला, पण आरोप तोच राहिला.

‘खोल दो’ ही कथा १९४८ साली लाहोरच्या ‘नुकूश’मध्ये छापून आली आणि सरकारने ते मासिकच सहा महिने बंद ठेवले. अमृतसरहून निघालेली निर्वासितांची गाडी मुघलपुऱ्याला पोचते. छावणीत म्हातारा सिराजुद्दीन भानावर येतो, तर मुलगी सकीना जवळ नाही. आठ तरुण स्वयंसेवक तिला शोधून आणण्याचे वचन देतात. ती त्यांना सापडते, पण बापाला ते काहीच सांगत नाहीत. पुढे बेशुद्ध सकीना दवाखान्यात येते. डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो आणि तेवढ्या शब्दाने तिचे निष्प्राण हात सलवारीची नाडी सोडू लागतात. मुलगी जिवंत आहे म्हणून बाप आनंदाने ओरडतो. डॉक्टर घामाने भिजून जातो.

या कथेत अत्याचाराचे वर्णन एका ओळीचेही नाही. मग ती का खुपली? शत्रूच्या क्रौर्याच्या कहाण्या तेव्हा सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सांगितल्या जात होत्या. इथे मात्र गुन्हेगार आपले होते, आणि तेही मदतीला धावलेले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो क्षुल्लक नाही. ऐबपोशी, म्हणजे दुसऱ्याचा दोष झाकणे, हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. गीबत करू नये असे आपण मुलांना शिकवतो. बाहेरचे लोक आधीच बोट दाखवत असताना लेखकाने घरातली घाण चव्हाट्यावर का आणावी?

माझ्या मते उत्तर ऐबपोशीच्या अर्थातच आहे. माणसाची एखादी खासगी चूक झाकणे ही दया आहे. पण ज्या दोषामुळे दुसऱ्याचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, तो दोष एकट्या करणाऱ्याचा उरत नाही. त्यावर पर्दा टाकला की जालीम झाकला जातो आणि मजलूम उघड्यावर पडते. सूरह निसामध्ये तर न्यायाची साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरोधात गेली तरी द्यावी, अशी ताकीद आहे. सकीनासाठी अशी साक्ष कुणीतरी द्यायलाच हवी होती. ती एका कथाकाराने दिली.

‘ठंडा गोश्त’ (१९४९) ही कथा तिच्या शेजारी ठेवून वाचावी. तिच्यातला ईशर सिंग दंगलीत खून करून एका मुलीला उचलून नेतो. ती आधीच मेलेली आहे हे कळते आणि त्याचे शरीरच थंड पडते. या कथेसाठी मंटोला खालच्या न्यायालयात तीन महिने सक्तमजुरी आणि ३०० रुपये दंड झाला. अपिलात तो सुटला, पण पुढे उच्च न्यायालयाने दंड कायम केला. कथेतला मुद्दा मात्र खटल्यात हरवला. एका कथेत मंटोने पाप आपल्या माणसांच्या पदरात टाकले आणि दुसऱ्या कथेत ‘परक्या’ माणसाला पश्चात्ताप दिला. जमातीचा हिशोब मांडणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत.

शाळकरी मुलांच्या हाती या कथा द्याव्यात, असे मी म्हणणार नाही. वय पाहून पुस्तक देणे हे शिक्षकाचे कामच आहे. पण मुलाला आज न देणे वेगळे आणि कुणालाच कधी वाचू न देणे वेगळे.

आजही एखाद्या मुलीवर घरातच किंवा मोहल्ल्यातच अन्याय होतो, तेव्हा पहिला शब्द ‘बदनामी’ हाच निघतो. बदनामी कुणाची, हे विचारायला कुणी धजत नाही. ते विचारणारे साहित्य कानाला बेअदब वाटेल. पण सकीनाची बाजू घेण्याइतका अदब त्याच्याजवळ आहे.