अर्जुनाचा विषाद आणि धुळ्याचा तुरुंग

मन खवळून उठते तेव्हा त्याचे ऐकावे की नाही, हा प्रश्न गीता पहिल्याच अध्यायात उभा करते. अर्जुनाचे अंग थरथरते, तोंडाला कोरड पडते, गांडीव हातातून गळते. त्याच वेळी तो कुलक्षयाचे, पापाचे दाखलेही देतो. म्हणजे मन नुसते खवळलेले नाही, ते शास्त्रही सांगू लागले आहे.

या प्रश्नाचा अतिशय परखड विचार खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात झाला. १९३२ मध्ये कायदेभंगाच्या चळवळीतील कैद्यांपुढे विनोबा भावे दर रविवारी गीतेचा एक अध्याय उलगडत. २१ फेब्रुवारीला सुरू झालेली प्रवचने १९ जूनला अठराव्या अध्यायापाशी पूर्ण झाली. अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून १९३० मध्ये चळवळीत उतरलेले साने गुरुजीही तेथेच बंदिवान होते. त्यांनी ती उतरवून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मराठीला लाभला.

विनोबांच्या मते अर्जुनाला हिंसेचा वीट आलेला नव्हता. लढाया त्याने पूर्वीही केल्या होत्या. समोर आप्त दिसले तेव्हा युद्ध पाप वाटू लागले. येथे ते एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. अनेकांना फाशी सुनावणाऱ्या या माणसासमोर पोटचा मुलगा आरोपी म्हणून आला आणि त्याला फाशीची शिक्षाच अमानुष वाटू लागली. फाशीविरुद्धचे त्याचे मुद्दे खोटे नव्हते, पण ते ममतेने सुचवले होते. म्हणून मुद्दा बरोबर आहे एवढे पाहून भागत नाही. तो कोणासाठी आणि नेमका केव्हा सुचला, हेही तपासावे लागते. स्वतःवर लावायला ही कसोटी फार कठीण आहे.

मात्र तिचा अर्थ मन कोरडे करणे असा नाही. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबा चित्ताच्या एकाग्रतेला जीवनातील परिमितता आणि समदृष्टी यांची जोड देतात. नुसते डोळे मिटून खळबळ शमत नाही. आहार, झोप, बोलणे सारेच मोजके व्हावे लागते, आणि आपला-परका हा भेद गळावा लागतो.

साने गुरुजींची तळमळ या कसोटीवर पूर्ण उतरते. स्वभावाने ते कमालीचे हळवे होते, पण त्यांचे हृदय केवळ आप्तांसाठी तुटत नव्हते, आणि त्या व्यथेने त्यांच्या हातून कर्तव्य गळले नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभले आणि मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाल्यावरच, १० मे रोजी ते सोडले.