पावणेतीन मिलिमीटर

"रेल्वे थांबून राहते, तबला राहत नाही," मी म्हणालो. "म्हणून वेळ अपुरा पडला की मी रेल्वेचा कापतो. यात चुकलं काय?"

ताई माझी मावसबहीण. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाली. लहानपणापासून सतार वाजवते, आणि दुसऱ्या कुठल्या छंदाच्या वाटेला ती कधी गेली नाही. माझे तीन आहेत: तबला, किल्ले आणि मागच्या खोलीत प्लायवूडवर मांडलेली, एकास सत्त्याऐंशी प्रमाणातली मॉडेल रेल्वे. तिघांत वेळ कसा वाटावा, एवढाच माझा प्रश्न होता.

"घरात एखादं समजूतदार मूल असतं ना," ती म्हणाली, "हट्ट करत नाही, म्हणून नवे कपडे त्याला सगळ्यांत शेवटी. तुझी रेल्वे तशी आहे. थांबते म्हणून तूच तिला थांबवत आलायस."

"मुलाला वाईट वाटतं, ताई. इंजिनाला वाटत नाही. सहा महिने रियाज सुटला तर हात जड होतो. इंजिन सहा महिन्यांनी खोक्यातून काढलं तरी तेवढंच धावतं."

"धावतं?"

खरं म्हणजे धावत नाही. या रेल्वेला वीज मिळते ती रुळांतून, चाकांमार्फत. निकेल-सिल्व्हरचे रूळ पितळेपेक्षा कमी त्रास देतात, पण धूळ आणि तेल मिळून चाकांवर काळा थर बसतोच. मग इंजिन अडखळतं, दिवा लुकलुकतो आणि सांध्यांवर गाडी उभी राहते. पावसाळ्यात प्लायवूड ओल धरतं, फुगतं, की रुळांची रेषा हलते. मोठ्या खंडानंतरची पहिली बैठक पुसण्यात आणि सरळ करण्यातच जाते. हे सगळं मी ताईला सांगितलं, कारण लपवून उपयोग नव्हता. मागच्या खोलीत ती येऊन गेलेली आहे.

"म्हणजे ती थांबत नाही," ती म्हणाली. "तक्रार करत नाही, एवढंच. तबला उतरला की तुझ्या कानाला बोचतं. रूळ मळले तर खोलीचं दार बंद असतं."

मी ऋतूंचा आधार घेतला. किल्ले हिवाळ्यात, रेल्वे पावसाळ्यात, तबला बारमाही. निसर्गानंच वाटणी करून दिलेली असताना माणसानं डोकं का शिणवावं? हा युक्तिवाद मी बऱ्याच जणांना ऐकवला आहे, आणि आवडला नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

"पावसाळ्यात तुझं फेविकॉल किती वेळात वाळतं?"

रुळांखालची खडी पातळ केलेल्या फेविकॉलनं बसवतात, डोंगर प्लास्टर ऑफ पॅरिसचे करतात. जुलैच्या दमट हवेत दोन्ही दिवसच्या दिवस ओली राहतात. म्हणजे कामाला सगळ्यांत वाईट महिने मी रेल्वेच्या वाट्याला देतो. यावर मी काही बोललो नाही. तीही पुढे बोलली नाही. पुढे न बोलणं ही तिची जुनी खोड आहे.

मग मी माझा खरा मुद्दा काढला. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद. त्याला सत्त्याऐंशीनं भागलं तर १९.२६ येतात. बाजारात मिळणारे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले. म्हणून आपल्याकडचा मॉडेलवाला साधारणपणे डेक्कन क्वीनचे डबे परक्या मापाच्या रुळांवर चालवतो. जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरची ही चूक दूर करायची तर प्रत्येक रूळ हातानं बसवायचा, प्रत्येक सांधा स्वतः घडवायचा आणि सगळ्या चाकांचे आस बदलायचे. ते केलं असतं तर दुसरं काहीच करता आलं नसतं.

"म्हणजे बघ," मी म्हणालो, "या पावणेतीन मिलिमीटरनी मला तबला दिला आणि राजगड दिला. हाच समतोल. कुठे अचूक राहायचं आणि कुठे चालवून घ्यायचं हे ठरवणं. तासांची वाटणी ही फार वरवरची गोष्ट आहे."

मला हे अजूनही पटतं. पण ती म्हणाली, "चालवून घेणं फक्त रुळांपाशी थांबतं का? तबल्यातही तू एवढंच चालवून घेत असशील, तर ऐकणाऱ्याला ते मोजायला पट्टी लागत नाही."

"मी मैफिलीत वाजवत नाही."

"मीही नाही."

तिथे आम्ही बराच वेळ अडकलो. एकाच गोष्टीला वाहून घेतलं की माणूस उथळ होत नाही, पण अरुंद होऊ शकतो, असं मी तीन-चार प्रकारांनी सांगितलं. उदाहरण म्हणून जॉन ॲलनचं नाव घेतलं. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला त्यानं घराच्या तळघरात उभारलेली रेल्वे या छंदातली दंतकथा आहे. तिच्यावर डब्यांची हलवाहलव करायला त्यानं चक्क एक डायनोसॉर ठेवला होता. तो मूळचा छायाचित्रकार, आणि ती कलाही त्यानं रेल्वेच्याच सेवेला लावली. १९७३मध्ये तो गेला आणि काही दिवसांतच आग लागून ती रेल्वे जळाली. "आयुष्य एका जागी ठेवलं की असं होतं," मी म्हणालो.

"तो गेल्यावर जळाली ना? मग त्याचं काय गेलं?"

मी दुसरीकडून आलो. मॉडेल रेल्वे हा मुळात एक छंद नव्हेच: सुतारकाम आहे, वीज आहे, रंगकाम आहे, इतिहास आहे. एमआयटीत १९४६पासून मॉडेल रेल्वेचा क्लब आहे. तिथली काही मुलं वर डबे रंगवत, काही टेबलाखाली टेलिफोनच्या जुन्या रिलेंचं जाळं विणत. त्या टेबलाखालच्या मंडळींतली काही संगणकाकडे वळली, आणि १९६२च्या सुमारास 'स्पेसवॉर' हा खेळ ज्यांच्या हातून घडला त्यांत या क्लबची मुलं होती.

"ती मुलं रुळांखाली शिरली ती परत वर आलीच नाहीत," ती म्हणाली. "याला तू समतोल म्हणतोस?"

रॉड स्टुअर्टचं उदाहरण मी राखून ठेवलं होतं. जगभर गाणारा माणूस, पण वीसहून अधिक वर्षं खपून त्यानं अमेरिकी शहराची प्रचंड रेल्वे उभारली. दौऱ्यावर असताना इमारतींची मॉडेल्स करायला हॉटेलात वेगळी खोली घ्यायचा. ताईनं हे कौतुकानं ऐकलं. मग म्हणाली, "खोली त्याला विकत घेता येते. तुझी मागची खोली कुणाची होती?"

"म्हणजे?"

"तुझ्या बायकोचा छंद कोणता?"

"वाचन."

"कधी वाचते?"

"रात्री. झोपण्याआधी."

"तुला तीन छंद परवडतात ते वेळेच्या नियोजनामुळे असं तुला वाटतं. चौथं माणूस हिशेबात घे, मग वाटणी मांड."

विषय हा नव्हता, असं मी तिला सांगितलं, आणि ते खरंच आहे. आम्ही दोघं छंदांबद्दल बोलत होतो. फुरसत ज्याची त्याची असते, हे गृहीत धरूनच बोलणं सुरू झालं होतं. तिनं मध्येच ते काढून घेतलं. पण विषय नव्हता म्हटल्यानं प्रश्न खोटा ठरत नाही. मी उत्तर देण्याऐवजी चहा ठेवला.

चहा घेताना ती भोर घाटाबद्दल विचारत होती. कर्जत ते लोणावळा आणि १८६३ ते १९२९ या काळात वापरात असलेलं खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन, हा माझा जुना बेत. कर्जत-लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर. सत्त्याऐंशीनं भागलं तरी सव्वातीनशे मीटर होतात. निवडक भाग घेऊन आखडलं तरी एका खोलीत मावणार नाही. आणखी अर्धी लागेल.

"ती अर्धी कुणाची?" असं तिनं विचारलं नाही. मीच विचारलं.

घाट रद्द केला आहे. भिंतीलगत एक फळी राहील, तिच्यावर एखादं छोटं स्थानक आणि तीन-चार रूळ. बाकीची खोली मोकळी करून तिथे खुर्ची आणि वाचायचा दिवा आला आहे. तबला आणि किल्ले चालू आहेत. रूळ १६.५ मिलिमीटरचेच ठेवणार, आणि त्या बाबतीत ताईचं म्हणणं मला अजून मान्य नाही.