प्रमाणपत्र आणि प्रमाण

परभणीस १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि ‘परभणी क्रांती’ या भेंडीने गावाचे नाव दूरदूरच्या शेतांत नेले. येथील जाणता शेतकरी प्रमाणित बियाणे घेताना पिशवीवरील निळी चिठ्ठी पाहून घेतो. कारण उभ्या पिकाची शेतात जाऊन केलेली तपासणी आणि उगवणशक्तीची परीक्षा, या दोन्ही झाल्यावाचून ती चिठ्ठी लागू नये असा दंडक आहे. शिक्षकाच्या पदवीमागे कोणी काय पाहिलेले असते, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

माध्यमिक शिक्षकास पदवीनंतर बी. एड. व्हावे लागते. २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा करून वीस आठवडे शाळेत राहून काम करण्याची अट घातली. नियम उत्तमच आहे. परंतु पाठ पाहावयास कोणी गेलेच नाही आणि वहीवर सही मात्र झाली, तर त्याचे काय उरले? ही शंका केवळ कल्पनेतली नव्हे. महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातूनच न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला, आणि २०१२ साली त्याने शिक्षक-शिक्षणाच्या दुरवस्थेवर बोट ठेवले.

आमच्या नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले, पण तो आप्ताचा असेल तरच. वस्तू जशी आहे तशी ज्याने जाणली आणि जाणली तशीच जो सांगतो, तो आप्त. न पाहिलेल्या पाठाखाली सही करणारा विद्वान असेल, सज्जनही असेल, आप्त नव्हे.

कोणी म्हणेल, हिपरग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकविणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांचे मोठेपण कोणत्या प्रमाणपत्रातून आले होते? कोणत्याही नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण प्रमाणपत्र थोर शिक्षक घडविण्यासाठी नसतेच. जो बाप शिक्षकाची पारख करू शकत नाही आणि ज्याला दुसरी शाळा परवडत नाही, त्याला दिलेले ते किमान वचन असते. परभणीच्या महाविद्यालयांना पदवी देणारे, १९९४ साली नांदेडास स्थापन झालेले विद्यापीठ स्वामीजींचेच नाव धारण करते. तेव्हा हे वचन तेथे अधिकच जड व्हावे.

अशी सही बहुधा लोभाने होते असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळदा ती दयेने होते. समोरच्या तरुणाच्या बापाने जमीन गहाण ठेवलेली असते, त्याची वर्षे वाया जाऊ नयेत असे वाटते. ही कणव खरी आहे. परंतु जी मुले त्याच्यापुढे बसणार, ती त्या खोलीत नसतात. त्यांच्या वतीने बोलणारे तेथे कोणी असेल तर तो सही करणाराच. बी उगवले नाही तर शेतकरी कर्ज काढून का होईना, दुबार पेरणी करतो. नववीतल्या मुलाचे वर्ष दुबार पेरता येत नाही.